कोंडवाड्यातला खेळ

परीक्षांचे दिवस आले की बुलढाण्याची हवा दोन तोंडांनी बोलायला लागते. पहाटे अजून चादर ओढून घ्यावीशी वाटते आणि दुपारी घाटाकडून येणारा वारा गालाला भाजतो. कडुनिंबाचा बारीक मोहर अंगणभर सांडतो, घाटात पळस पेटतो आणि घरोघरची पोरं पुस्तकं पोटाशी धरून गच्च्यांवर येरझाऱ्या घालतात. लोकांना या दिवसांत आपलं बालपण आठवतं आणि बरं वाटतं. मला राग येतो. साठ वर्षं होऊन गेली, तरी दर फाल्गुनात येतो, आणि वय झालं म्हणून तो काही मऊ पडलेला नाही.

यंदा त्या रागाला घरातच काडी लागली. माझी नात सानू नववीत आहे. परवा तिचा बाप, म्हणजे माझा मुलगा प्रशांत, तिच्या खोलीत गेला, तर ही मोबाईलवर खेळत होती. पडद्यावर एक पडकं घर, जिन्यावर रक्ताचे ओघळ आणि हातात कुऱ्हाड घेतलेला कुणीतरी खोल्या धुंडाळत फिरतोय. प्रशांतनं मोबाईल हिसकावला.

"परीक्षा तोंडावर आली अन् तू हे मुडदे पाडून राह्यली? डोकं फिरलं का तुझं?"

मोबाईल कपाटावर गेला. मग फोन सुरू झाले. तिच्या मैत्रिणींच्या आयांना, क्लासच्या सरांना. सगळ्यांच्या घरी हेच चाललंय म्हणे, पोरं बिघडताहेत, रक्ताची सवय होते त्यांना, उद्या खरंच कुणाच्या अंगावर जातील. प्रशांत माझ्याकडे वळला. "आई, तू एवढी वर्षं शाळेत काढली. तूच सांग तिला."

मी काय सांगणार होते? मी कपाटावरच्या मोबाईलकडं बघत उभी होते. प्रशांतला वाटलं, मला त्या खेळाची धास्ती बसली.

तेव्हा महाराष्ट्र होऊन वर्ष-दोन वर्षंच झाली असतील. माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, कलेक्टर कचेरीत कारकून होते. जुन्या राज्याच्या नावाचे छापील कागद संपेपर्यंत त्यावरचं नाव खोडून नवं नाव हातानं लिहायचं काम त्यांच्याकडे होतं. त्यांचं अक्षर मोत्यासारखं. आम्ही एका लांबट कौलारू ओळीत राहायचो. सात बिऱ्हाडं, पुढून एकच लांब ओटा, आणि दोन बिऱ्हाडांच्या मधे एक भिंत, तीही आढ्यापर्यंत न पोचलेली. पलीकडचं पातेलं पडलं तर अलीकडचं माणूस दचकायचं. 

आमच्या भिंतीपलीकडे मास्तर राहत. हायस्कुलात मराठी शिकवायचे. पांढराशुभ्र सदरा, धोतर, काळी टोपी, आणि आवाज इतका गोड की गणपतीच्या दिवसांत त्यांचं व्याख्यान ऐकायला देऊळघाटहून लोक बैलगाड्या जुंपून येत. त्यांची बायको, आमच्या काकू, फार बोलत नसत. हाक मारली तर कधी कधी ओ देत नसत. आई म्हणायची, "जरा मंदच हाय बिचारी." त्यांची एकुलती एक मुलगी विमल. मी दहाची, ती बाराची. सातवीत होती, म्हणजे तेव्हाच्या हिशेबानं मोठ्या परीक्षेला बसायची होती. वर्गात पहिली. दोन घट्ट वेण्या, आणि बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत न बघता हातांकडे बघायची सवय.

ओळीच्या मागं जुना कोंडवाडा होता. नगरपालिकेनं मोकाट गुरांसाठी दुसरीकडे नवा बांधला होता, म्हणून हा ओस पडलेला. छातीइतक्या उंच दगडी भिंती, कोरडा हौद, आणि कोपऱ्यात टिनाची एक शेड. अभ्यासाला म्हणून आम्ही पोरं पुस्तकं घेऊन तिथं जायचो. त्या फाल्गुनात विमलनं तिथं एक खेळ काढला. खेळाचं नाव होतं 'आला'.

मला त्याचे नियम आजही पाठ आहेत. टिनाची शेड म्हणजे घर. एक जण 'आला' व्हायचा. त्यानं तोंडाला कोळसा फासायचा, डोक्यावरून दोन भोकं पाडलेलं बारदान ओढायचं आणि बाहेर जाऊन थांबायचं. बाकीच्यांनी घरात आपापली कामं करायची. कुणी पोळ्या लाटायच्या, कुणी अभ्यास करायचा, कुणी झाडायचं. मग 'आला' यायचा. दाराशी तो आधी एक चप्पल काढायचा, जरा थांबायचा, मग दुसरी. पहिल्या चपलेचा आवाज झाला की घरातल्या सगळ्यांनी गप्प. आत येऊन त्यानं हळूच म्हणायचं, "पाणी." ओरडायचं नाही. विमल फार बजावून सांगायची, "मोठ्यानं नाई म्हनायचं. मोठ्यानं म्हनलं त खेळ बिघडते." मग कुणीतरी लोटा द्यायचा. लोटा खाली ठेवताना आवाज झाला की 'आला' बाह्या दुमडायचा. आधी डावी, दोन घड्या. मग उजवी, दोन घड्या. तेवढा वेळ कुणी पळायचं नाही, हलायचं नाही. बाह्या दुमडून झाल्या की तो एकाला निवडायचा आणि बांबूच्या कामटीनं गळा कापायचा.

रक्त विमल करायची. पळसाची फुलं उकळून, त्यात कुंकू कालवून, गुळाचं पाणी घालून दाटसर. ते गळ्यावर, कानामागं ओतलं की माश्यासुद्धा फसायच्या. मेलेल्यानं पडून राहायचं. आणि खेळातला सगळ्यात अवघड भाग याच्यापुढंच होता. बाकीच्यांनी मेलेल्याकडं बघायचं नाही. पोळ्या लाटत राहायचं, पाढे म्हणत राहायचं, झाडत राहायचं. जो बघेल तो बाद, जो रडेल तो बाद, जो ओरडेल तो बाद.

आम्ही त्या खेळानं वेडे झालो होतो. खेळात जीव मुठीत आणि सुटल्यावर हसून हसून डोळ्यांत पाणी. 'आला' व्हायला भांडणं लागायची. विमल स्वतः कधी 'आला' झाली नाही. पण पाणी द्यायचं काम तिनं कुणालाच दिलं नाही. लोटा दोन्ही हातांत धरून ती इतक्या हळू खाली टेकवायची की आवाज व्हायचाच नाही. मग 'आला' झालेलं पोरगं वैतागायचं, "हे काय बे, असं केलं त कोनीच नाई मरनार!" तेव्हा विमल थोडं थांबून म्हणायची, "बरं. आता वाजवतो."

आणि त्याच दिवसांत, दिवेलागणीला, भिंतीपलीकडून आवाज यायचे.

कसले आवाज हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं आणि आम्ही विचारलंही नव्हतं. काहीतरी जड भिंतीवर आपटावं तसा आवाज. मग काहीतरी सांडल्याचा. रडणं कधीच नाही, ओरडणं तर नाहीच. पहिला आवाज झाला की दादा पेन खाली ठेवायचे आणि म्हणायचे, "नले, शके, पाढे म्हना. मोठ्यानं." मी आणि माझी सहा वर्षांची बहीण शकू भिंतीला पाठ लावून बसायचो आणि पाढे ओरडायचो. आवाज वाढला की दादा म्हणायचे, "अजून मोठ्यानं." एकोणतीसपर्यंतचे पाढे मला शाळेत सगळ्यांत आधी पाठ झाले. गुरुजींनी पाठ थोपटली. दादांनाही अभिमान वाटला. या एका गोष्टीसाठी मी त्यांना आजही माफ केलेलं नाही. आवाज दाबायला त्यांनी आमचे गळे वापरले.

तो रविवार होता. दुपारी शकूची मरायची पाळी होती. तिचा गळा कापून झाला होता, रक्त ओतून झालं होतं, ती डोळे मिटून छान पडली होती आणि मी तिच्या शेजारी मांडी घालून लाटण्यासारखी काठी फिरवत होते. आई आम्हाला बोलवायला आली आणि तिनं भिंतीवरून आत डोकावलं.

ती किंकाळी मला अजून ऐकू येते. एका पोरीचा गळा लालभडक, आणि दुसरी शेजारी बसून पोळ्या लाटतेय. आईचं काय झालं असेल ते मला आता, स्वतः आई आणि आजी झाल्यावर कळतं. शकू दचकून उठून बसली, तेव्हा आईनं तिला छातीशी धरलं, मग लाल झालेला आपला हात हुंगला, आणि मग मला मारायला धावली. तोवर ओळीतली सगळी माणसं कोंडवाड्यात आली होती. दादा तर जेवणावरून उठून आले होते, उष्ट्या हातानं, अनवाणी.

"कोनी शिकवलं हे?" दादांनी विचारलं. मी गप्प. आमच्या खेळात बोलणारा बाद होता. दादांनी खाली पडलेली कामटी उचलली आणि माझ्या तोंडावर ओढली. ओठ फाटला. त्या अख्ख्या खेळात खरं रक्त तेवढंच निघालं, आणि ते दादांनी काढलं. हिंसा वाईट असते हे मला शिकवण्यासाठी.

मग मास्तर आले. गर्दी बाजूला झाली. त्यांनी शकूकडं पाहिलं, रक्ताच्या डब्याकडं पाहिलं, बारदान पायानं उलटवून पाहिलं. विमल हौदाला टेकून उभी होती. मास्तरांनी सदऱ्याची डावी बाही दुमडली. एक घडी, दुसरी घडी. मग उजवी. एक, दोन.

आम्ही सगळी पोरं जागच्या जागी थिजलो. कुणी कुणाला खूण केली नाही. नियमच होता तो. आणि आईच्या कडेवरून शकू, जिला गप्प राहायचं अजून नीट जमत नव्हतं, स्पष्ट आवाजात म्हणाली, "आला."

सगळ्यांनी ऐकलं. आमच्या कोंडवाड्यात त्या क्षणी पंधरा तरी मोठी माणसं होती आणि एकालाही ऐकू आलं नाही असं मी मानणार नाही. दादांनी मास्तरांकडं पाहिलं. त्या दुमडलेल्या बाह्यांकडं पाहिलं. मग त्यांनी खाली मातीकडं पाहिलं आणि म्हणाले, "चला रे सगळे, आपापल्या घरी चला."

मास्तर हळूच म्हणाले, "विमल, चाल." ती गेली.

संध्याकाळी आमच्याच ओट्यावर बैठक बसली. सतरंजी अंथरली, आईनं चहा केला. मी आत सुजलेला ओठ धरून दारामागं बसले होते. बैठकीत बोलले कोण? मास्तर. त्यांच्याइतकं चांगलं दुसऱ्या कुणाला बोलता येत होतं? ते म्हणाले, कोवळी मनं ओल्या मातीसारखी असतात. तंबूतले सिनेमे, भुताखेतांच्या गोष्टी, गल्लीतली संगत यांनी ती नासतात. क्रौर्याची चटक लागते. आपण पालकांनी डोळ्यांत तेल घालून जपलं पाहिजे. ते म्हणाले, "माझीच मुलगी यात पुढं होती याची मला लाज वाटते, आणि मी तिच्या बाबतीत कठोर होणार आहे." सगळ्यांनी माना डोलावल्या. केवढा मोठा माणूस, स्वतःच्या लेकराची चूक पदरात घेतो! असं ठरलं की कोंडवाड्याच्या फाटकाला कुलूप लावायचं, परीक्षा होईपर्यंत पोरांना बाहेर सोडायचं नाही, आणि विमलशी कुणी खेळायचं-बोलायचं नाही. ठराव झाल्यासारखं सगळं झालं. पंधरा माणसं होती तिथं. हा खेळ पोरीला सुचला कसा, हे एकानंही विचारलं नाही. 'आला' म्हणजे कोण, हेही नाही. इतका सोपा प्रश्न. विचारला असता तर उत्तर ओट्यावर चहा पीत बसलं होतं.

बैठक उठली. दिवे लागले. आणि भिंतीवर पहिला आवाज झाला.

"नले," दादा म्हणाले, "पाढे."

माझा ओठ फाटला होता. तरी मी म्हटले.

विमल परीक्षेला बसलीच नाही. आठ दिवसांनी तिला तिच्या मामाकडं वरवट बकालला पाठवून दिलं. मोटार स्टँडवर तिला सोडायला शेजारचं एक म्हातारं माणूस गेलं. काकू दाराशीसुद्धा आल्या नाहीत, त्यांना ताप होता असं कळलं. ट्रंक डोक्यावर घेऊन ओट्यावरून जाताना तिनं आमच्या दाराकडं पाहिलं. मी खिडकीत होते. तिच्याशी बोलायचं नाही असं ठरलं होतं, म्हणून मी बोलले नाही. पुढं तिची शाळा सुटलीच. दोन-तीन वर्षांत लग्न. वर्गात पहिली येणारी पोरगी.

दादांवर, मास्तरांवर, त्या ओट्यावरच्या सगळ्यांवर रागावणं सोपं आहे. पण मला माझंही सांगितलं पाहिजे. मी शिकले, मास्तरांच्याच हायस्कुलात शिक्षिका झाले. ते निवृत्त झाले तेव्हा मोठा समारंभ झाला. शाल, नारळ, हार. मानपत्र वाचायचं काम माझ्याकडं आलं, कारण माझा आवाज खणखणीत. तो कसा झाला ते मला माहीत होतं. मानपत्रात लिहिलं होतं, 'मुलांच्या मनावर हळुवार संस्कार करणारे'. मी तेहेतीस वर्षांची बाई होते. पोटापाण्याला कुणावर अवलंबून नव्हते. कागद फाडता आला असता, निदान आजारी पडता आलं असतं. मी ते वाचलं. न अडखळता. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि पहिल्या रांगेत काकू पदर सारखा करत बसल्या होत्या.

दादा म्हातारे झाले, अंथरुणाला खिळले, तेव्हा मी त्यांना एकदा विचारलंच. "दादा, तुमाले ऐकू येत होतं न? भिंतीपलीकडचं?"

त्यांनी आढ्याकडं नजर लावली. मग म्हणाले, "तवा कोनी कोनाच्या घरात जात नव्हतं, नले. नवरा-बायकोचं असते."

"मंग कोंडवाड्यात काऊन आले होते? जेवन टाकून, अनवानी?"

"ते लेकरायचं होतं."

"विमल लेकरू नव्हती?"

त्यांनी भिंतीकडं तोंड फिरवलं. म्हातारं, मरणाच्या दारातलं माणूस. लोक म्हणतात अशा वेळी सोडून द्यावं. मी सोडलं नाही.

विमल मला पुन्हा भेटली ती दोघींचे केस पांढरे व्हायला लागल्यावर. एका लग्नाला वरवट बकालला गेले होते, चौकशी करत तिच्या घरी पोचले. गावाच्या कडेला घर, मागं कपाशीचं वावर. तिनं मला लगेच ओळखलं. बोलताना तिचे डोळे अजून समोरच्याच्या हातांवरच. काकू तिच्याकडंच होत्या. मास्तर वारल्यावर तिनं आईला आणलं होतं. काकू पडवीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्याशी एवढ्या मोठ्या आवाजात बोलत होत्या की मी चमकलेच.

"डावा कान पार गेलेला हाय तिचा," विमल म्हणाली. "आता नाई, तवाच. मी पाचवीत असतानी."

मंद! आम्ही त्यांना मंद म्हणत होतो.

मी तिच्याजवळ त्या खेळाचं काढलं. मला क्षमा मागायची होती, कशी मागावी ते कळत नव्हतं. विमल तांदूळ निवडत होती. हात न थांबवता म्हणाली, "मले घरातलं कोनाले सांगता येत नव्हतं, नलू. बाबानं आन घातली होती. म्हून खेळ केल्ता. वाटे, तुमी पोट्टे घरी जाऊन सांगसान, असा असा खेळ हाय. मंग मोठे लोक समजतीन."

"अन् आमी?"

"तुमी त खेळतच बसले." ती हसली. "लय आवडला तुमाले."

मी म्हटलं, "मी लहान होती विमल. मले नाई समजलं."

"तुले नाई म्हनत मी," ती म्हणाली. "तुह्या दादाले समजलं होतं. म्या त्याचं तोंड पाह्यलं होतं."

परत येताना बस घाट चढत होती, दोन्ही बाजूंना पळस फुललेला होता, आणि शेजारची बाई म्हणाली, "किती सुंदर दिसते नाई?" मी खिडकी लावून घेतली.

आणि आता माझा मुलगा मला म्हणतो, तूच सांग तिला.

मी कपाटावरून मोबाईल काढला आणि सानूच्या खोलीत जाऊन तिच्या पलंगावर बसले. म्हटलं, "मला शिकव हा खेळ. नियम काय आहेत?"

ती आधी संशयानं बघत राहिली. मग सांगू लागली. तो माणूस आवाजावर येतो, आजी. कपाटात लपायचं, श्वास रोखायचा. किल्ल्या शोधायच्या.

"हा माणूस कोण आहे? तुला कुणासारखा वाटतो?"

"कुणासारखा म्हणजे?"

"तुझ्या ओळखीतला. शाळेतला, क्लासमधला, घरातला. कुणाची अशी भीती वाटते का तुला?"

सानूनं माझ्याकडं नीट पाहिलं. मी गंमत करत नाहीये हे तिला कळलं. खरंच विचार करून ती म्हणाली, "नाही गं आजी. कुणाचीच नाही. मजा येते म्हणून खेळते. फार भीती वाटली तर बंद करते."

मी तिच्या चेहऱ्याकडं, हातांकडं बघत राहिले. खरं बोलत होती. दुसऱ्या एखाद्या घरात दुसरी एखादी मुलगी कदाचित वेगळं उत्तर देईल. ते कळायला विचारावं लागतं. या सबंध गावात परवा किती फोन झाले, किती मोबाईल कपाटांवर गेले. विचारलं किती जणांनी?

प्रशांत दारात येऊन उभा होता. "आई, तू तिला समजवायला आली होतीस ना?"

"बस इथं," मी म्हटलं.

तो बसला. सानूनं विचारलं, "आजी, तुमच्या लहानपणी होते का असे भीतीचे खेळ?"

"होता एक," मी म्हटलं, आणि सांगायला सुरुवात केली. चपलांपासून सांगितलं, लोट्यापासून, बाह्यांपासून. ओठावरचा वण दाखवला. दादांचं सांगितलं, माझ्या मानपत्राचंही सांगितलं. आणि मास्तरांचं नाव घेतलं, आडनावासकट पूर्ण नाव. साठ वर्षांत पहिल्यांदा. त्यांच्या नावानं गावात अजून वक्तृत्वाची स्पर्धा होते. प्रशांतच्या शोकेसमध्ये त्या स्पर्धेत त्यानं मिळवलेला एक कप आहे. त्याचा चेहरा उतरला. "आई, जरा हळू," तो म्हणाला. शेजारच्या गच्चीवर कपडे वाळत घालणाऱ्या बाई हातातलं काम थांबवून आमच्या खिडकीकडं बघत होत्या.

मी आवाज कमी केला नाही.